पडदे, ब्लाइंड आणि आपल्या खिडक्या: लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

१६ वर्षं झाली, मी पुण्यात घरूनच पडदे शिवते. माप घ्यायला मी जाते, ड्रिल घेऊन माझा दीर येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तेच तेच प्रश्न येतात आणि मी रोज तीच तीच उत्तरं टाईप करते, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

घर एकदम कोझी दिसायला हवंय, कुठले पडदे घेऊ?

या प्रश्नासोबत नेहमी एक फोटो येतो. बाहेर बर्फ, आत जाड मखमली पडदे, खुर्चीवर लोकरीची शाल. अहो, आपल्याकडे एप्रिलमध्ये तो पडदा नुसता बघून घाम फुटेल! मला विचाराल तर आपल्या घरात कोझी म्हणजे दुपारी डोळ्यावर न येणारा मऊ उजेड, संध्याकाळी दिवे लागल्यावर समोरच्या बिल्डिंगवाल्यांना आपल्या ताटात काय आहे ते दिसणार नाही एवढा आडोसा, आणि तरीही वारा येत राहिला पाहिजे. त्यासाठी महाग कापड लागत नाही. कापड भरपूर लागतं, ते उंचावरून थेट जमिनीपर्यंत यावं लागतं, आणि खोलीतला दिवा जरा पिवळसर लागतो. लोक मात्र सगळा वेळ प्रिंट निवडण्यात घालवतात आणि बाकीचं दुकानदारावर सोडून देतात.

दुकानात जायच्या आधी काही तयारी करायची का?

हो, एक रविवार घरी बसा आणि खिडकीकडे बघा. ऊन किती वाजता येतं, कुठपर्यंत येतं, कुठल्या लादीपर्यंत पोचतं. आणि हे फक्त एका ऋतूत बघून चालत नाही, हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली आहे, म्हणून तर आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, पुण्या-मुंबईकडे साधारण मेच्या मध्यावर. त्यानंतर जुलै संपेपर्यंत सूर्य दुपारी थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे "आमची उत्तरेची खिडकी, तिथं ऊनच येत नाही" म्हणणाऱ्यांच्या घरात मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. आणि दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरात ऊन थेट सोफ्यापर्यंत आत येतं, ते हवंहवंसं वाटतं पण त्यानेच सोफ्याचा आणि पडद्याचा रंग उडतो. म्हणजे ज्या महिन्यात घर बघितलंत त्याच महिन्याचा विचार करून पडदे घेऊ नका.

माप कसं घ्यायचं?

स्टीलच्या टेपने. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते, तिने पडद्याचं माप घेऊ नका. रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा घ्या आणि उंची डावीकडे, मधे, उजवीकडे, कारण जुन्या बिल्डिंगीत एकही खिडकी सरळ काटकोनात नसते आणि नव्या बिल्डिंगीतही असतेच असं नाही. जमीनसुद्धा उताराची असते, विशेषतः बाल्कनीच्या दारापाशी. पडद्यासाठी माप खिडकीचं नाही घ्यायचं, रॉड जिथे बसणार तिथून खालपर्यंतचं घ्यायचं. म्हणजे आधी रॉडची जागा ठरवायची, तिथे पेन्सिलीने खूण करायची, मग माप. फ्रेमच्या आत बसणारा ब्लाइंड असेल तर उलट, तिथे तिन्हीतलं सगळ्यात छोटं माप धरायचं, नाहीतर अडकतो.

आणि सुती कापड असेल तर आधी पाण्यात घाला, वाळवा, मग कापा. मी हे माझ्याच घरात शिकले. लग्नानंतरचं आमचं पहिलं घर, हौसेनं इचलकरंजीच्या जाड सुती कापडाचे पडदे शिवले, अगदी जमिनीला टेकतील असे मापात, आणि पहिल्या धुण्यात चांगले तीन बोटं वर गेले. खालच्या मजल्यावरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, पडद्यांकडे बघून म्हणाल्या, "काय गं, पूर यायचाय का, पडदे वर खोचलेस ते?" तेव्हापासून माझ्याकडे बिनभिजवलेलं सुती कापड कात्रीखाली जात नाही.

पडदा कुठपर्यंत यावा? खिडकीपुरता की जमिनीपर्यंत?

खाली बेड, टेबल किंवा दिवाण चिकटून नसेल तर जमिनीपर्यंत. जमिनीपासून अर्धा इंच वर, म्हणजे केर काढताना आणि फरशी पुसताना त्रास नाही. जमिनीवर लोळणारे पडदे फोटोत छान दिसतात, आपल्याकडे रोज ओलं फडकं फिरतं, आठ दिवसांत खालची कड काळी होते. खिडकीच्या खाली वीतभर लोंबकळणारा पडदा मात्र नको, तो ना इकडचा ना तिकडचा, शाळेच्या ऑफिसात असतो तसा दिसतो. खिडकीपुरताच ठेवायचा असेल तर कट्ट्याला अलगद टेकेल असा घ्या किंवा सरळ रोमन ब्लाइंड करा, म्हणजे घड्या घालत वर जाणारा कापडी.

कापड किती लागेल? दुकानदार सांगतो त्यावर विश्वास ठेवू का?

हिशोब सोपा आहे, स्वतः करा. समजा खिडकी ५ फूट रुंद. रॉड दोन्ही बाजूंना ९-९ इंच जास्त घेतला, झाला साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच. चुण्या नीट पडायला कापड निदान दुप्पट लागतं, म्हणजे १५६ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, बहुतेक वेळा ४८ इंच असतो. १५६ ला ४८ ने भागलं की येतात सव्वातीन, म्हणजे ४ पन्ने, दोन डावीकडे दोन उजवीकडे. उंची रॉडपासून खाली साडेसात फूट धरली तर ९० इंच, त्यात वरचा-खालचा दुमड मिळून १२ इंच, एकूण १०२ इंच, म्हणजे एका पन्न्याला साधारण २.६ मीटर. चार पन्न्यांचे झाले साडेदहा मीटर.

आता यात खरी गंमत डिझाइनची. मोठ्या फुलाचं कापड असेल आणि ते फूल दर २४ इंचांनी परत येत असेल, तर चारही पन्न्यांवर फुलं एका रेषेत यायला प्रत्येक पन्ना १०२ ऐवजी १२० इंच कापावा लागतो, आणि तेच कापड सव्वाबारा मीटरवर जातं. जवळजवळ दोन मीटर चिंध्या (उशांची कव्हरं निघतात, मान्य). म्हणून बजेट कमी असेल तर प्लेन, बारीक टेक्श्चर किंवा उभे पट्टे घ्या. आणि पैसे वाचवायला चार पन्न्यांचे तीन करू नका, अगदी नका करू. साधं कापड चार पन्ने घेतलेलं भरगच्च दिसतं, आणि महागाचं तीन पन्ने घेतलेलं बंद केल्यावर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं.

तयार पडदे घेणार असाल तर ते साधारण ४ फूट रुंद आणि ५, ७ किंवा ९ फूट लांब मिळतात. आपल्या रॉडची उंची बऱ्याचदा ७ आणि ९ च्या मधे कुठेतरी येते. मग ९ चे घ्या आणि खालून कापून दुमडून घ्या, ७ चे घेऊन "चालेल" म्हणू नका.

रॉड किती उंच लावायचा?

जागा असेल तेवढा वर. खिडकीच्या फ्रेमपासून ६-८ इंच तरी, आणि फ्रेम आणि छत यात फूट-दीड फूटच असेल तर थेट छताखाली. दोन्ही बाजूंना ८-१० इंच बाहेर काढा, म्हणजे पडदा उघडल्यावर तो भिंतीसमोर गोळा होतो, काच पूर्ण मोकळी राहते आणि ४ फुटाची खिडकी साडेपाच फुटाची वाटते. लहान खोली मोठी दाखवायची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही.

पाच-सहा फुटाच्या वर रॉड असेल तर मधे तिसरं ब्रॅकेट हवंच. नाहीतर वर्षभरात रॉडला पोट येतं. आठवतंय ना, आपल्या लहानपणी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीतली ती स्प्रिंगची तार असायची, दोन खिळ्यांना अडकवलेली, मधे हमखास झोळ, आणि पडदा ओढला की एक खिळा प्लास्टरसकट हातात. ते दिवस गेले, पण मधलं ब्रॅकेट विसरलात तर परत येतील.

भिंतीत ड्रिलच जात नाही / गेलं पण स्क्रू हलतो, काय करू?

खिडकीच्या बरोब्बर वर काँक्रीटची लिंटेल असते, आत लोखंडी सळ्या. साधं ड्रिल तिथे नुसतं भोवऱ्यासारखं फिरतं आणि पावडर काढतं. हॅमर ड्रिल लागतं. उलट नव्या टॉवरमधे भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या असतात, तिथे ड्रिल लोण्यासारखं जातं आणि प्लगही लोण्यासारखाच बाहेर येतो! अशा भिंतीला लांब प्लग आणि लांब स्क्रू लागतात, ते वेगळे मागा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला ट्रॅक लावायचा असेल तर वर प्लायची पट्टी टाकलीय का ते पीओपीवाल्याला सीलिंग बंद करायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

आयलेट घेऊ की प्लीट?

आयलेट म्हणजे त्या स्टीलच्या गोल रिंगा. सोपं, स्वस्त, सरकायला झटपट, धुवायला काढणं सोपं. रिंगा सम संख्येतच हव्यात, ८ किंवा १०, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. ७ रिंगा लावलेला पडदा माझ्याकडे दुरुस्तीला येतो तेव्हा कळतं की कुणीतरी घाईत शिवलाय. प्लीट म्हणजे वर चिमटीत धरून शिवलेल्या चुण्या, मागे हूक, ट्रॅकवर चालतात. जास्त रेखीव, कापड थोडं जास्त, शिलाईही जास्त. हॉलला प्लीट, बेडरूमला आयलेट, असं मी सांगते. रोज दोनदा उघड-मीट करायच्या दाराला मात्र आयलेटच, कारण आपल्या घरात पडदा सरकवत कुणी नाही, ओढतात.

कापड कुठलं चांगलं?

मुठीत चुरगळा आणि सोडा. कागदासारख्या घड्या तशाच राहिल्या तर घरीही राहतील. मग उजेडासमोर धरा, दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर नको, दाराबाहेर नेऊन उन्हात धरा. शक्य असेल तर वीतभर नमुना मागून घ्या आणि तीन दिवस घरच्या खिडकीला टाचणीने लावून ठेवा, सकाळी बघा, रात्री दिवा लावून बघा. दुकानात बदामी दिसलेलं कापड घरी पांढऱ्या एलईडीखाली मुडद्यासारखं राखाडी दिसू शकतं, मग फोन मलाच येतो.

कॉटन आणि लिनन मिक्सची पडण असते ती सिंथेटिकला येत नाही, पण सुरकुत्या आणि आकसणं सोबत येतं. पॉलिस्टर धुवायला, वाळायला सोपं आणि उन्हात टिकतं, त्याला नाक मुरडू नका, आजकाल बरं येतं. खरं सिल्क मात्र उन्हाच्या खिडकीला अजिबात नको, ऊन रेशमाला खातं, दोन-तीन वर्षांत चुण्यांच्या कडेने चिरतं. मखमल दिसायला राजेशाही पण रस्त्यालगतच्या घरात तो धूळ साठवायचा गालिचा आहे असं समजा, घरात कुणाला दमा असेल तर नकोच.

आतला पातळ पडदा लावलाय, तरी बाहेरून दिसतं म्हणतात. खरं का?

रात्री खरं. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते, एवढंच गणित. दिवसा बाहेर उजेड म्हणून तुम्हाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. रात्री दिवा लावला की उलटं. विश्वास नसेल तर घरच्या कुणाला आत उभं करून स्वतः खाली पार्किंगमधे जाऊन बघा, मी हे माप घ्यायला गेलेल्या घरी बऱ्याचदा करून दाखवलंय आणि दरवेळी बाई वर येऊन पहिल्यांदा खिडकी बंद करतात.

म्हणून दोन थर. आत काचेकडे पातळ शिअर, बाहेर खोलीकडे जाड पडदा, दुहेरी रॉड किंवा दोन ट्रॅक. दिवसभर शिअर, दिवेलागणीला जाड. सगळ्या घराला दोन थर परवडत नसतील तर फक्त हॉल आणि एक बेडरूम करा, बाकी ठिकाणी थोडं घट्ट विणीचं कापड पुरतं.

पडद्यांऐवजी ब्लाइंड लावले तर?

कुठे लावताय त्यावर आहे. स्टडी टेबल, किचन ओटा, बेडच्या डोक्याकडची छोटी खिडकी, जिथे खाली कापड लोंबायला जागा नाही तिथे ब्लाइंड उत्तम. त्यातल्या त्यात घरगुती दिसतो तो रोमन, कापडाचाच असतो, घड्या घालत वर जातो. फक्त लक्षात ठेवा, पूर्ण वर घेतला तरी घड्यांचा आठ-दहा इंचाचा गठ्ठा वर राहतो, छोट्या खिडकीत तेवढा उजेड जातो. रोलर सगळ्यात सुटसुटीत. झेब्रा म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, त्याची सध्या फार हवा आहे, दिवसा खरंच छान पण दोन्ही कडांच्या फटीतून उजेड येतो, उशिरा उठणाऱ्यांनी विचार करावा. आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन हायवेजवळच्या घरात नको, एकेक पट्टी पुसत बसाल. आणि उभ्या पट्ट्यांचा व्हर्टिकल घरात लावला की मला उगाच पासबुक भरायला बँकेत आल्यासारखं वाटतं, पण हे माझं मत.

मला विचाराल तर रोलर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधे कापडी पडदे ही जोडी सगळ्यात छान जमते. उन्हाचं काम रोलर करतो, घरपण पडदा आणतो.

आमची पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी घर भट्टी होतं. सगळ्यात जाड पडदा सांगा.

जाड पडद्याने अर्धंच काम होतं. ऊन काचेतून एकदा आत आलं की पडदा तापतो आणि तोच पडदा हळूहळू खोलीला तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. बाल्कनी असेल तर बाहेरच्या बाजूला बांबूची चिक सोडा, नाहीतर छज्जा, ऑनिंग, निदान ग्रिलमधे दाट कुंड्या. बांबूची चिक पावसात दोन-तीन वर्षांत काळी पडते, पण स्वस्त असते, बदलायची. ती नायलॉनच्या दोरीने विणलेली घ्या, सुती दोरी आधी कुजते. आत पडद्याला पांढरं किंवा फिकट अस्तर काचेकडे तोंड करून लावा, ते निदान थोडं ऊन परत फेकतं. गडद अस्तर लावू नका.

विदर्भातले वाचक हसत असतील, त्यांच्याकडे वाळ्याच्या ताट्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खिडकीला वाळ्याची ताटी, त्यावर पाणी, आणि आत येणारा तो ओला सुगंधी वारा! माझं आजोळ अकोल्याचं, दुपारी ताटीवर पाणी मारायची पाळी आम्हा पोरांची असायची आणि निम्मं पाणी एकमेकांच्या अंगावर जायचं. पण मुंबईहून कुणी विचारलं की मी नाही सांगते. विदर्भातली हवा कोरडी म्हणून पाणी भराभर उडतं आणि उडताना गारवा करतं. मुंबईच्या दमट हवेत ते उडतच नाही, घर फक्त आणखी ओलसर होतं.

ब्लॅकआउट घ्यावा का?

ब्लॅकआउट म्हणजे मागे थर दिलेला, उजेड आरपार येऊ न देणारा पडदा. नाईट शिफ्टवाले, लहान बाळ, समोर सोसायटीचा हॅलोजन: घ्या. बाकीच्यांनी फक्त बेडरूमला. हॉलला ब्लॅकआउट लावून दिवसा ट्यूब लावून बसलेली घरं मी पाहिलीत. आणि उजेड मधून कधी येत नाही, तो वरून आणि कडेने येतो, म्हणून वर पेलमेट (रॉड झाकणारी पेटी) करा आणि शेवटची रिंग ब्रॅकेटच्या पलीकडे भिंतीकडे अडकवा.

रस्त्याचा आवाज कमी होईल का जाड पडद्याने?

फारसा नाही. खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, रिकाम्या हॉलमधे बोलल्यावर येतो तो, आणि तेवढ्याने घर एकदम शांत वाटतं हे खरं. पण बाहेरचे हॉर्न आणि विसर्जनाचे ढोल फटीतून येतात. स्लायडिंग खिडकीच्या पट्ट्यांना लावलेली ती केसाळ पट्टी झिजली असेल तर आधी ती बदला, त्याने जास्त फरक पडेल.

आजीच्या साड्यांचे पडदे करता येतील का?

हा माझा आवडता प्रश्न. येतात, आणि फार सुंदर होतात. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. पाच फुटी खिडकीच्या पडद्याला दुमड धरून ७० इंच लागतात, एका साडीत तीन पन्ने बसतात. सात फुटी दाराला ९४ इंच, दोन पन्ने आणि वर सव्वादोन फूट उरतं, त्यात बांधायच्या पट्ट्या निघतात. नऊवारी असेल तर आणखी मजा.

पण साडी उन्हात धरून बघा. जिथे घडी वर्षानुवर्षं एकाच जागी होती तिथे ती विरलेली असते, बोटाने हलकेच ताणलं तरी फाटते. तिथून कापायची, ती रेघ मधे येऊ द्यायची नाही. मागे साधं मलमलचं अस्तर हवंच, भार अस्तराने घ्यायचा, साडीने नाही. सुती इरकल, जुनी नारायणपेठी यांना मी हो म्हणते. पैठणीला नाही म्हणते, कितीही आग्रह केला तरी. काठ कुठे येणार ते आधी ठरवा: साडीच्या लांबीतून पन्ने कापले की काठ उभे येतात, दोन पडदे मिटले की मधोमध जोडकाठ दिसतो, दिवेलागणीला खोलीतल्या उजेडात जर चमकते. एका बाईंच्या आईची हिरवी इरकल अशी शिवली होती. फिटिंग झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग पडद्याची कड हातात घेऊन नाकाशी नेली आणि म्हणाल्या, अजून डांबरगोळीचा वास येतोय.

खणाचं कापडही लोक हल्ली मागतात. पन्ना अरुंद असतो, पूर्ण पडदा महाग पडतो, त्यापेक्षा प्लेन सुती पडद्याला खाली नाहीतर कडेला खणाची पट्टी लावा. जास्त उठून दिसते.

कोकणात / समुद्राजवळ घर आहे, काही वेगळं बघायचं का?

रॉड, रिंगा, स्क्रू सगळं चांगल्या स्टेनलेस स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं. मुलामा दिलेलं लोखंड खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतं आणि गंजाचा डाग कापडावरून जात नाही. लाकडी ब्लाइंड वाकतात. जाड अस्तराचे पडदे जून ते सप्टेंबर काढून धुवून ठेवून द्या आणि नुसते पातळ पॉलिस्टरचे लावा, बुरशी येत नाही. आणि स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात, ती मे महिन्यात काडीने साफ करा. ती बुजली की पाणी आत सांडतं आणि भिजतो बिचारा पडदा.

गोव्यातल्या जुन्या घरांना काचेच्या जागी शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या असतात, लाकडी चौकटीत चपटे पातळ शिंपले बसवलेले. तुमच्या वाटणीला तशी खिडकी आली असेल तर कृपा करून तिच्यावर पडदा घालू नका. आतून येणारा दुधाळ उजेड जगातल्या कुठल्या शिअरने मिळणार नाही.

किचनला काय लावू?

गॅसच्या जवळ कापड नको, वाऱ्याने उडून ज्योतीवर येतं. फोडणीचा तेलकट थर बसतो तो वेगळाच. पुसता येणारा रोलर किंवा काचेला फ्रॉस्टेड फिल्म. गॅस लांब असेल तर खिडकीच्या खालच्या अर्ध्याला छोटा सुती पडदा. जुन्या वाड्यांत खिडकीची खालची दारं बंद आणि वरची उघडी ठेवायचे, तीच सोय.

भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नाही.

खिडकीच्या खाचेत बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, दोन्ही बाजूंना दाबून बसतो, शिअरपुरता पुरे. जड पडदा लावलात की रात्री अडीचला धाडकन खाली येईल आणि चोर आला म्हणून सगळे उठतील. मालकाला आधीच्या भाडेकरूच्या भोकांबद्दल विचारा, असतातच, तीच वापरा. कापड मात्र लांब घ्या आणि खालचा दुमड मोठा ठेवा, पुढच्या घरी खिडकी उंच निघाली तर उसवून लांब करता येतं.

घरात दोन वर्षांचं मूल आहे.

मग लोंबती दोरी किंवा मण्यांची साखळी असलेला ब्लाइंड लावू नका. मुलाच्या गळ्यात फास बसू शकतो, हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये, खरंच घडतं. बिनदोरीचा घ्या. आधीच लावला असेल तर साखळी ताणून भिंतीला क्लिपने पक्की करा आणि पलंग किंवा पाळणा खिडकीपासून हलवा.

रंग कुठला?

भिंतीपेक्षा एक-दोन छटा गडद घेतला तर चुकत नाही. हळदी, विटकरी, मेंदी, हे रंग आपल्या उजेडात छान दिसतात. शुभ्र पांढरा रस्त्यालगत नको. आणि पडदे बदलायच्या आधी हॉलमधली पांढरी ट्यूब बंद करून कोपऱ्यात एक पिवळ्या उजेडाचा दिवा लावून बघा, पाकिटावर २७०० के लिहिलेलं असतं तो. दोन-तीन गिऱ्हाइकांनी एवढं करून पडदे बदलायचं रद्द केलं. माझं नुकसान, पण जाऊ दे.

मी जर्मनीत राहतो, इथे काही वेगळं?

माझी भाची तिकडेच असते. तिथे खिडकीखाली हीटर असतो, त्याच्यावरून जमिनीपर्यंत पडदा सोडलात तर सगळी ऊब पडद्यामागे काचेकडे जाते. पडदा हीटरच्या वरच संपवा किंवा दोन्ही बाजूंना बांधून ठेवा. सकाळी काचेला आतून पाणी सुटलं असेल तर पडदा उघडून पुसून घ्या, नाहीतर बुरशी. बाकी जाड मखमली पडदा तुम्ही खुशाल लावा, तुम्हाला शोभतो.

किती दिवसांनी धुवायचे?

शिअर महिना-दोन महिन्यांनी, जाड वर्षातून दोनदा. बहुतेक घरी गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. ब्लॅकआउट गरम पाण्यात आणि जोरात पिळून नको, मागचा थर तडकतो आणि मग उन्हात चाळणीसारखी भोकं दिसतात. शिअर ओलसर असतानाच परत रॉडवर लटकवा, स्वतःच्या वजनाने सरळ होतो, इस्त्री लागत नाही. आणि कृपया दिवाळीचे पडदे मला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शिवायला आणू नका!

कापड कुठून घेऊ?

पुण्यात लक्ष्मी रोड, तुळशीबाग, रविवार पेठ पायी फिरा. मुंबईत मंगलदास मार्केट. एकाच गठ्ठ्यातून सगळं कापड घ्या, नंतर एक मीटर कमी पडलं म्हणून गेलात तर नवीन गठ्ठ्याचा रंग उन्नीस-बीस निघतो आणि तो फरक खिडकीत दिसतोच. शिलाई मीटरवर आहे की पन्न्यावर, आणि त्यात रिंगा, अस्तर, फिटिंग धरलंय का, एवढं आधी विचारून घ्या.

जुन्या पडद्यांचं काय करू?

सुती असतील तर गोधडीच्या आत घाला, मऊ झालेलं कापड त्यासाठीच असतं. जाड असतील तर गाद्यांवर, ट्रंकांवर टाकायला, दिवाळीत माळा साफ करताना सामान झाकायला. पातळ शिअरच्या पिशव्या शिवा, कोथिंबीर आणि मेथी त्यात फ्रिजमधे छान राहते, मी भाजीला त्याच घेऊन जाते. रिंगा मात्र फेकू नका, कापून डब्यात ठेवा, मला आणून दिल्यात तरी चालेल, कुणाची ना कुणाची एक रिंग नेहमी तुटलेली असते.